उरलेल्या गोळ्या

फावड्याने दारातला बर्फ सारून शटर वर केलं,
तर त्सुया ओइकावा आधीच उभ्या.
वय सत्त्याऐंशी. हातात बियाण्याच्या कंपनीची पिशवी,
पिशवीत गोळ्या.
'मोजा,' म्हणाल्या, जशी मी त्यांची देणेकरी.

मोजल्या.
पांढऱ्या चपट्या एकशे बारा,
गुलाबी एक्केचाळीस,
पिवळ्या सात, त्यांच्यावरचं अक्षर झिजलेलं,
आणि दुखण्यावर चिकटवायच्या पट्ट्यांची अकरा पाकिटं, न फोडलेली.
त्यातलं एक नवऱ्याच्या नावाचं.
तो जाऊन सहा वर्षं झाली.

त्यांच्या औषधवहीवर मांजराचं चित्र आहे.
इथे अकितात म्हाताऱ्यांच्या पिशवीत अशी वही असतेच,
दिलेल्या औषधाचं लेबल आम्ही तीत चिकटवतो.
मी ती शेवटाकडून वाचते,
चिखलातले माग काढत ओढ्यापर्यंत जावं तशी.

सगळ्यात आधी रक्तदाबाची गोळी.
तिने पाय सुजले.
पायांसाठी दुसऱ्या दवाखान्यातून लघवीची.
तिच्यापायी रात्री तीनदा उठणं, म्हणून झोपेची.
झोपेच्या गुंगीत बूट काढायच्या पायरीवर पडल्या,
म्हणून हाडांचे डॉक्टर, म्हणून वेदनेची.
ती पोटाला झोंबते, म्हणून पोटाची.
चार डॉक्टर. चौघेही आपापल्या जागी बरोबर.
मला हेच जड जातं,
चुकलेलं कोणी सापडत नाही.

डॉक्टर नात्सुईंना मी ओळखते.
बाहेर तीन तास बसलेला माणूस
आत तीन मिनिटं बसतो.
'गोळी नको, रोज थोडं चालत जा'
हे पटवायला वीस मिनिटं लागतात,
लिहून द्यायला वीस सेकंद.
शिवाय चालणार कुठे? बाहेर कमरेएवढा बर्फ.
शिवाय मंगळवारी टाय लावलेला तो तरुण येतो,
जिन्याखाली उभाच राहतो,
नव्या गोळीचं माहितीपत्रक दोन्ही हातांनी पुढे करतो.
शिवाय हारुएबाईंना मिळाली ती मला का नाही,
असं अर्धं प्रिस्क्रिप्शन बाहेरच्या बाकावरच लिहून होतं.

आणि मी?
मी पुड्या बांधते. पुड्यांवर माझा पगार निघतो.

तरी फोन केला.
शंका विचारणं माझ्या कामातच बसतं,
पण रिसीव्हर धरून वाकत होते, समोर कोणी नसताना.
ते गप्प. मागे एक मूल खोकत होतं.
मग म्हणाले, 'झोपेची निम्मी करू. पंधरा दिवसांनी बंद.
लघवीचं... ते माझं नाही, विचारून बघतो.'
मला वाटलं, जिंकले.

त्सुयाबाईंना सांगितलं, एक कमी होतेय.
त्यांनी मांजराची वही मिटली.
'म्हणजे डॉक्टरांनी मला सोडलं?'

औषध सुरू करताना काय बोलायचं ते आम्हाला शिकवतात.
काढून घेताना काय बोलायचं,
त्या तासाला बहुधा मी गैरहजर होते.

महिन्याने त्या आठवड्याची डबी भरून घ्यायला आल्या.
रात्रीचे सातही खण आता रिकामे हवेत.
प्रत्येकात लाल चवळीचा एकेक दाणा,
बोटांनी गुळगुळीत झालेला.
'खण मोकळा दिसला की डोळा लागत नाही.'
'खाता?'
'छे. रात्री बाहेर काढते, सकाळी परत ठेवते.'

संगणकात 'इतर' असा रकाना आहे.
त्यात टाईप केलं: चवळी, एक, रात्री.
खोडलं.
पुन्हा टाईप केलं,
आणि पुढचा नंबर पुकारला.